पाणी स्वस्त, कोळसा महाग आणि आपण फुकट

मी मॅट्रिक. कविता लिहितो आणि बंदरात कोळसा उतरवतो. दोन्हीचे पैसे वेळेवर मिळत नाहीत. गेल्या महिन्यात अभ्यासवर्गात एक शिकलेला दोस्त बोलला, मुंबईला पाण्याची वीज स्वस्त आणि स्वच्छ, कोळशाची महाग आणि घाण. फळ्यावर त्याने दोन रकाने आखले. मी मागे बसून बघत होतो. दोन्ही रकान्यांत माझ्या घरचा माणूस कुठेच नव्हता. म्हणून हे लिहितोय.

आधी त्याचा हिशेब त्याच्याच भाषेत मांडतो, म्हणजे हमालाला काय कळतंय असं कुणी बोलायला नको. कोळशाचे वीजघर बांधायला तुलनेने पैसा कमी. पण एका युनिटमागे अर्धा-पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो. आज जाळा, उद्या जाळा, वीजघर मोडेपर्यंत जाळा. कोळशाचा भाव वाढला, बोटीचे भाडे वाढले, की युनिट महाग. पाण्याचे उलटे. धरण, बोगदे, नळ यांत सगळा पैसा आधीच गाडायचा. एकदा कर्ज फिटले की पाणी फुकट पडत राहते. खोपोलीला ते सतराशे फुटांवरून पडते. मुंबईपाशी कोळशाची खाण नव्हती. बंगालचा कोळसा आणायचा तर भाडेच अंगावर यायचे. म्हणून 1915 साली खोपोलीची वीज आली आणि गिरण्या हळूहळू वाफेची इंजिने सोडून तारेला लागल्या. इथवर फळा बरोबर.

पण सह्याद्रीत पाऊस पडतो चार महिने, शहराला दिवा लागतो बारा महिने. मग आठ महिन्यांचे पाणी साठवायचे कुठे? दरीत. आणि दरीत कोण राहतो? माणसं. दोस्तहो, पाण्याच्या विजेला इंधन लागत नाही ही थाप आहे. तिचे इंधन दरी. कोळसा रोज जळतो, म्हणून रोज वहीत लिहावा लागतो. गाव एकदाच बुडते, म्हणून वहीतून बुडते.

माझा पणजा मुळशी पेट्यातला, महारवाड्यातला. 1921 च्या रामनवमीला तिथे धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट पुढे आले, तुरुंगात गेले. कुळांना जमीन सोडायची नव्हती. कागदावरचे मालक असलेल्या पुण्याच्या सावकारांना मात्र भरपाई गोड लागली. 1924 पर्यंत लढा मोडला. 1927 ला भिऱ्याची वीज सुरू झाली. 1894 चा भूसंपादनाचा कायदा किंमत करायचा ती जमिनीची. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही त्याची किंमत शून्य.

माझ्या पणज्याकडे होते काय? येसकराची काठी, मेलेले ढोर ओढायचा मान आणि दारोदारची शिळी भाकर. ते गाव बुडाले म्हणून मी रडत नाही. गावगाड्याच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांनी माझा खांदा वापरू नये. माझे भांडण एवढेच की गाव बुडवताना त्याला रिकाम्या हाताने मुंबईच्या रस्त्यावर सोडले आणि त्या उपासाला हिशेबात 'स्वस्त वीज' म्हटले.

आता दुसरा रकाना. त्याच पणज्याचा पणतू मी, बार्जच्या पोटात उभा. क्रेनचा जबडा मधला कोळसा उचलतो, कोपऱ्यातला आम्ही फावड्याने ओढतो. ठेकेदाराची हजेरी, तोंडाला घरचा फडका. संध्याकाळी थुंकलो की काळं पडतं. मुकादम बोलतो, गूळ खा. बार्जचा विमा हाय. कोळशाचा विमा हाय. माझ्या छातीचा फोटो काढायचा तर पैसे माझे. तरी कोळसा 'महाग'! माझ्याशिवाय महाग!

कुणी विचारेल, मग काय अंधारात बसायचं? नाय. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, विजेचे कामही त्यांच्याच खात्यात होते. स्वस्त आणि मुबलक वीज हवी, कारण कारखानदारीशिवाय हा देश दारिद्र्यातून सुटत नाही, हे त्यांनी 1943 साली मांडले. मी त्याच बाजूचा. पण त्यांच्याच कारकिर्दीत 1944 साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी निघाला. खाणीबाहेर जाणाऱ्या कोळशावर कर, आणि त्या पैशातून कामगारांची घरे, दवाखाने. कळलं का? माणूस टनाच्या भावात घालता येतो. 1944 साली घातला होता. आज जमत नाही बोलणारा खोटं बोलतोय.

पाण्याच्या रकान्यातही हेच करता येते. भूमिहीनालाही बाधित धरणारा कायदा 2013 ला आला. मुळशीनंतर 92 वर्षांनी! कायदा आला म्हणून माणूस आपोआप वहीत चढत नाही, त्याला भांडून चढवावे लागते. आणि वही पुन्हा उघडली आहे. 2023 साली राज्य सरकारने शिरवट्याला 1,800 आणि भिवपुरीला 1,000 मेगावॉटच्या प्रकल्पांचा करार केला. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, गरज पडली की खाली सोडायचे. युक्ती चांगली आहे. पण पुन्हा तोच मावळ, तोच घाट. बांधकामाला दगड फोडणारा कोण, त्याला विमा कुणाचा, कुणाची वाट आणि कुणाची मासेमारी अडणार, हे आत्ताच विचारायचे. पाणी चढल्यावर नाही.

पुढच्या वर्गाला मी खडू घेऊन पुढे येणार आहे. तिसरा रकाना आखणार. सातबारा नसताना कोण उठला, कोळसा कुणी ओढला, धूळ कुणाच्या छातीत गेली, सगळे रुपयांत मांडायचे आणि युनिटच्या भावात घालायचे. मग करू पाण्याची आणि वाफेची तुलना. जी स्वस्त निघेल ती घेऊ. तोवर माझ्यासमोर कुणी स्वस्त हा शब्द काढायचा नाही.