कातळाची ग्वाही आणि उजनीवरील आरोप

बारामती-इंदापुराकडे भूकंपाचा विषय निघाला, की दोन मते हटकून ऐकू येतात, आणि मौज अशी की ती दोन्ही पुष्कळदा एकाच गृहस्थाच्या मुखातून, परस्परविरोधाची यत्किंचितही क्षिती न बाळगता बाहेर पडतात. आपल्या पायांखाली अखंड काळा कातळ असल्यामुळे भूकंप हे हिमालयाकडील लोकांचे दुर्दैव होय, हे पहिले मत. आणि उजनी धरणाचा फुगवटा पळसदेव-भिगवणपर्यंत येऊन ठेपल्यापासून कोयनेचा प्रसंग आज ना उद्या इकडे गुदरणारच, हे दुसरे.

पहिल्या मताचा साक्षीदारच फितूर आहे. आपला काळा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर. किल्लारीला 1993 च्या भूकंपानंतर घेतलेल्या खोल वेधनात ते साडेतीनशे मीटरांच्या आतच संपले आणि त्यांच्याखाली अतिप्राचीन आधारखडक लागला. भूकंपाची नाभी, म्हणजे धक्का जेथे उगम पावतो ती जागा, असते ती बहुधा या खालच्या खडकात, काही किलोमीटर खोलीवर. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आशियाला रेटीत आहे, त्या रेट्याचा ताण दक्षिणेच्या पठारापर्यंत पोचतो, आणि जेथे जुना भ्रंश, म्हणजे ज्या चिरेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकू शकतात अशी जागा असेल, तेथे घर्षणामुळे अडून राहिलेला खडक वाकवलेल्या वेताप्रमाणे ताण साठवीत राहतो व घर्षण हरले की एका क्षणात सुटतो. अमेरिकन शास्त्रज्ञ रीड याने 1906 च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपावरून मांडलेला सिद्धांत तो हाच. मऊ माती ताण साठवू शकत नाही, कठीण खडकच साठवतो. तेव्हा कातळाचा जो कठीणपणा आपण अभयपत्र म्हणून पुढे करतो, तोच विरुद्ध पक्षाचा पुरावा ठरतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा सरकारी नकाशात ती सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होती. (तो वर्ग पुढे 2002 मध्ये नकाशातून काढूनच टाकण्यात आला.)

दुसऱ्या मतात सत्यांश आहे, म्हणूनच ते अधिक फसवे. कोयनेचा जलाशय 1962 पासून भरू लागल्यावर तेथे हादरे सुरू झाले आणि 11 डिसेंबर 1967 रोजी 6.3 च्या सुमाराचा भूकंप होऊन कोयनानगर कोसळले, हे निर्विवाद. पाण्याचा भार खडकावर पडतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे चिरांतून मुरलेल्या पाण्याचा दाब भ्रंशाच्या दोन बाजू अलग करू पाहून घर्षण घटवितो. परंतु ताण आधीच काठोकाठ भरलेला भ्रंश खाली नसेल, तर पाणी हतबल असते; धरण भूकंपाला मुहूर्त देते, भांडवल देत नाही. कोयनेचे धरण 103 मीटर उंच, उजनीचे त्याच्या जवळपास निम्मे. आणि उजनीत पाणी साठू लागून चार दशके उलटली तरी कोयनेसारखा धक्का तेथे बसलेला नाही. एवढ्यावरून कोणी बिनतक्रार दाखला मागू नये. मात्र आरोप सिद्ध झाला असेही म्हणता येत नाही.

आता आमचा पक्ष. बारामतीहून कोयनानगर सरळ रेषेत सुमारे 120 किलोमीटर आणि इंदापुराहून किल्लारी सुमारे 170. तेव्हा भ्रंश आपल्या शिवारात आहे की नाही हा प्रश्न निम्माच आहे. नाभीतून निघालेल्या प्राथमिक तरंगांना सेकंदाला सहा किलोमीटरांच्या आसपास गती असते. ते खडकाला पुढेमागे दाबीत कोयनेहून बारामतीस वीस सेकंदांत पोचतात. खडकाला आडवे हलविणारे दुय्यम तरंग त्यानंतर चौदापंधरा सेकंदांनी येतात, आणि भिंतीचा खरा वैरी हा दुसरा पाहुणा. भीमा-नीरेकाठच्या खोल काळ्या मातीत तरंगांची गती मंदावते आणि झोका वाढतो, म्हणून एकाच गावात मुरमावरचे घर व मळईवरचे घर यांचे नशीब वेगळे असते.

आणि घर कसले? किल्लारीत माणसे मारली ती मातीत रचलेल्या दोन पदरी दगडी भिंतींनी व त्यांवरच्या मणामणांच्या धाब्यांनी. दोन्ही पदरांना आरपार जोडणारा दगड नाही, दारांच्या माथ्यावरून फिरणारा सलग पट्टा नाही. आडवा झोका येताच पदर फाकले आणि छप्पर निजलेल्यांवर उतरले. तसली माळवदे इंदापूर तालुक्याच्या जुन्या गावठाणांत अद्यापि उभी आहेत. त्यांना तो पट्टा मागाहूनही बसविता येतो, पण त्याची तजवीज करण्याऐवजी आम्ही उजनीकडे बोट दाखवितो.

सिमेंटच्या इमारतीत राहणाऱ्या बारामतीकराने यावर निर्धास्त होऊ नये. 26 जानेवारी 2001 रोजी भूकंप झाला कच्छात, आणि तेथून अडीचशे किलोमीटरांच्या सुमारास असलेल्या अहमदाबादेत, तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडून नुसत्या खांबांवर उभ्या केलेल्या कित्येक नव्या इमारती जमीनदोस्त झाल्या. कोयना तर बारामतीला त्याच्या निम्म्या अंतरावर आहे.