पेटाफ्लॉप्सच्या आकड्यात न दिसणारा वेग

अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या ‘अ‍ॅस्की क्यू’ या महासंगणकाने शास्त्रज्ञांना बुचकळ्यात टाकले होते. प्रत्येक नोडमधले, म्हणजे महासंगणकातल्या एकेका संगणकातले, चारही प्रोसेसर जुंपण्यापेक्षा तीनच जुंपले, तर मोठी आकडेमोड लवकर उरकत होती!

२००३ मध्ये फॅब्रिझिओ पेट्रिनी आणि सहकाऱ्यांनी कारण शोधले: ऑपरेटिंग सिस्टीम. देखरेख करणारे छोटे प्रोग्राम अधूनमधून जागे होत आणि प्रोसेसरचा क्षणभर वेळ खात. एका नोडवर त्याचे काहीच वाटत नाही. पण हजारो प्रोसेसरांना टप्प्याटप्प्याला एकमेकांसाठी थांबावे लागते. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी घास घेत नाही, तसे. अनावश्यक प्रोग्राम काढले, काही मोजक्या नोडवर हलवले आणि ‘सेज’ हा प्रोग्राम सुमारे दुप्पट वेगाने चालू लागला. तोही नवा प्रोसेसर न घेता.

यावर जुना उपाय म्हणजे हलका कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा मोजकीच कामे करणारा गाभा. सँडिया प्रयोगशाळेचा ‘कॅटामाउंट’ असाच होता. पण शास्त्रज्ञांना लिनक्सच्या सोयीही हव्या असतात. म्हणून सँडियाच्या ‘किटन’ या कर्नलला आभासी यंत्रे चालवणाऱ्या ‘पॅलेशिओस’ या सॉफ्टवेअरची जोड मिळाली. ज्याला लिनक्स हवे, त्याला आभासी यंत्रात लिनक्स. इतरांना थेट हलका कर्नल. अशा थराने वेग मरेल, ही शंका ‘रेड स्टॉर्म’ महासंगणकावर ४,०९६ नोडवर तपासली गेली. घट पाच टक्क्यांच्या आतच राहिली. युक्ती साधी, पण सुंदर: स्मृती सलग द्यायची, नेटवर्कचे हार्डवेअर थेट आभासी यंत्राच्या हाती सोपवायचे आणि मध्ये लुडबुड करायची नाही.

जपानच्या ‘फुगाकू’त तर ही शिस्त चिपमध्येच उतरली आहे. ४८ कोअर गणितासाठी, ऑपरेटिंग सिस्टीमसाठी दोन किंवा चार वेगळे.

भारतात, विशेषतः पुण्यात, हा विषय परका नाही. सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक येथेच घडवला. २०२४ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या (आयआयटीएम) ‘अर्क’ महासंगणकाचे लोकार्पण झाले, क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स (पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला किती गणिते होतात, याचे माप). हवामानाचे प्रारूप चालवतानाही नोडना एकमेकांसाठी थांबावेच लागते. त्यामुळे नवे यंत्र ताब्यात घेताना पेटाफ्लॉप्सबरोबर ऑपरेटिंग सिस्टीम किती वेळ खाते, याचेही मोजमाप जाहीर व्हायला हवे. शिवाय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना स्वतःचा कर्नल खऱ्या नोडवर चढवून पाहण्यासाठी दरमहा काही तास राखून ठेवावेत. तो वेळ नव्या यंत्राच्या करारातच लिहून घ्यावा.