तिकीट काढून आत गेलो, तर आत पुन्हा गल्ला

आमचा भाचा अकरावीत आहे. कोल्हापूरचाच, त्यामुळे फुटबॉलचं वेड वेगळं सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की क्लास बुडतो, आणि नसली की घरी प्लेस्टेशनवर मॅच. परवा ताईने बँकेचं स्टेटमेंट माझ्यापुढे टाकलं. "दर महिन्याला हे कोण कापून घेतंय, बघ रे जरा." बघितलं तर गेमचं सबस्क्रिप्शन. एका महिन्यासाठी म्हणून घेतलेलं आणि चौदा महिने चालू. भाच्याला हाक मारली. तो म्हणाला, "मामा, हे नसलं तर ऑनलाइन खेळता येत नाही. एका महिन्यासाठी घेतलेलं ते दुसरं."

दुसरं! म्हणजे दोन होती.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण दुखणं एका कंपनीचं नाही. ज्यांच्या घरात गेम खेळणारी पोरं नाहीत त्यांच्यासाठी आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो.

फुटबॉलचा नवा गेम चार-पाच हजारांना येतो. तो घेतला म्हणून मित्राशी ऑनलाइन खेळता येईल असं नाही. प्लेस्टेशन ३ वर ते फुकट होतं. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि सोनीने बहुतेक गेमच्या ऑनलाइन खेळाला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी सक्तीची केली. एक्सबॉक्सवर ही वसुली २००२ पासूनची. म्हणजे इंटरनेटचं बिल आपण भरायचं, गेम आपण घ्यायचा, आणि शेजारच्या गल्लीतल्या पोराशी खेळायला वर भाडं द्यायचं.

दुसरी वर्गणी गेम बनवणाऱ्याची. फिफा, म्हणजे आताचा ईए स्पोर्ट्स एफसी, काढणाऱ्या ईएने २०१४ मध्ये एक्सबॉक्सवर ईए अॅक्सेस आणलं, महिना ४.९९ डॉलर. तेव्हा सोनी म्हणाली होती, यात आमच्या गिऱ्हाइकाच्या पैशाचं चीज होत नाही. २०१९ मध्ये तेच गुपचूप प्लेस्टेशनवर आलं. आता त्याला ईए प्ले म्हणतात. त्यात नवा फुटबॉल गेम सप्टेंबरमध्ये मिळतो तो फक्त दहा तास. अख्खा गेम यायला पुढचा जून उजाडतो, तोवर युरोपातल्या लीग संपलेल्या असतात. पंगत उठल्यावर ताट वाढायचं आणि वर म्हणायचं, बघा किती स्वस्तात जेवलात.

तरी स्वस्त आहे हे मी मान्य करतो. ज्या पोराला पाच हजारांचा गेम परवडत नाही, त्याला काहीशे रुपयांत जुने पाच-दहा गेम मिळतात. माझा विरोध वर्गणीला नाही. वाचनालयाची वर्गणी आपण भरतोच की. पण वाचनालयात पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वेगळे पैसे देऊन उघडावं लागत नाही.

इथे लागतं. खरा धंदा आत आहे, अल्टिमेट टीम नावाच्या खोलीत. तिथे पैसे देऊन पॉइंट्स घ्यायचे, पॉइंट्स देऊन बंद पाकीट घ्यायचं, ते फोडायचं, आणि आत एम्बापे निघतो की कुठला तरी राखीव गोलकीपर ते बघायचं. बहुतेक वेळा गोलकीपरच निघतो. आणि पुढच्या वर्षीचा गेम आला की जमवलेला सगळा संघ मागेच राहतो, सोबत नेता येत नाही. किती पैसा आहे यात? मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात ईएला एकट्या अल्टिमेट टीममधून सुमारे १६२ कोटी डॉलर मिळाले, एकूण कमाईच्या २९ टक्के. आता कळलं ना, दारात तिकीट स्वस्त का? ईए प्लेच्या सभासदाला या पॉइंट्सवरही १० टक्के सूट असते. जत्रेत पाळण्याचं तिकीट स्वस्त ठेवून पोराला चक्रीच्या टेबलाकडे ढकलायचं, तसलाच प्रकार.

बेल्जियमने २०१८ मध्ये सांगितलं, हा जुगार आहे. जानेवारी २०१९ अखेर ईएने तिथे पॉइंट्स विकणं थांबवलं. नेदरलँड्समध्ये कंपनीला दंड झाला होता, तो २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केला, हेही सांगायला हवं. वाद आहे. पण निदान तिथे वाद झाला.

आपल्याकडे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे गेम बंद. ड्रीम ११ ला पैशांच्या स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या. या कायद्यात पैशाने घेतलेली कॉइन, टोकन, क्रेडिट हेसुद्धा 'पणाला लावलेलं' धरलंय. आणि त्याच कायद्यात वर्गणी किंवा प्रवेश फी घेणारे करमणुकीचे गेम चालतील असंही आहे, फक्त ती फी पैज नको. ठीक. मग माझा साधा प्रश्न: वर्गणीच्या दारातून आत शिरलेल्या सोळा वर्षांच्या पोराने पैसे देऊन बंद पाकीट फोडलं, तर ते कुठल्या रकान्यात बसतं? हा निवाडा कुणी मागितलाय का? आमच्या खासदार-आमदारांपैकी कुणी विचारलंय? टीव्हीवर रमीच्या जाहिरातींवर ओरडणं सोपं होतं. हे पाकीट फुटबॉलच्या जर्सीत येतं म्हणून कुणाला दिसत नाही.

"परवडत नसेल तर खेळू नका" असं सांगणारे कमेंटमध्ये येतीलच. त्यांना एवढंच सांगतो, दर ठरवणं आपल्या हातात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत गेम पास अल्टिमेट १९.९९ वरून २९.९९ डॉलरवर नेलं, एका फटक्यात दीडपट. आधी सवय लावायची, मग दर लावायचा. आणि विकत घेतलेला गेम तरी आपला असतो का? युबीसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लोकांनी रोख पैसे मोजून घेतला होता. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, आणि एकट्याने खेळायचा म्हटलं तरी तो चालेना. यावर युरोपात दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून दुकानांना सक्ती केली की, तुम्ही मालकी विकत नाही, परवाना विकता, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. आपल्याकडे 'बाय' असं लिहिलेलं बटण खुशाल चालू आहे.

नियम आपल्याकडेही आहेत बरं का. कार्डावरून आपोआप कापण्याआधी २४ तास कळवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२१ पासून लागू आहे. ताईला मेसेज आले होते. कर्जाच्या आणि साडीच्या सेलच्या मेसेजांत बुडाले. ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या डिझाइनचे तेरा प्रकार ठरवून त्यांना मनाई केली. त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा नावानिशी आहे: घेणं सोपं आणि सोडणं अवघड, असं चालणार नाही. पण घ्यायला आमच्या भाच्याला दोन बटणं पुरली होती. बंद करायला मला सहा पडदे ओलांडावे लागले, आणि प्रत्येक पडद्यावर "खरंच जाताय?"

माझं मागणं फार नाही. वर्गणी बंद करायचं बटण सुरू करायच्या बटणाशेजारी ठेवा. अठराच्या आतल्या खात्यावर पाकिटं विकू नका. सर्व्हर किती वर्षं चालेल ते खोक्यावर छापा.

तोवर आज रात्री एवढं करा: बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू ऑटोपे आणि मॅन्डेट बघा. ओळखीचं नसेल ते बंद करा. बंद होऊ देत नसतील तर १९१५ ला फोन लावा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मी लावलाय. तक्रार क्रमांक मिळालाय, पुढे काय होतं ते इथेच लिहीन.

भाचा दोन दिवस बोलत नव्हता. आज संध्याकाळी बॉल घेऊन मैदानावर गेलाय.