दोन आट्यांचा फरक

आमच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की यंत्रांचा आणि माझा छत्तीसाचा आकडा आहे. घरातला पंखा कुरकुरू लागला, तरी मी निमूटपणे सौ.कडे पाहतो. मराठीच्या प्राध्यापकाकडून याहून अधिक अपेक्षा कोणी करूही नये. तरीही यंदाच्या नवरात्रात मी गावी चक्क ट्रॅक्टरच्या इंजिनापुढे वाकून उभा होतो.

हा ट्रॅक्टर आजोबांनी १९५५ साली घेतलेला. राखाडी रंगाचा, पेट्रोलवर चालणारा फर्ग्युसन टीई-२०. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. एव्हरेस्टवीर हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले, ते फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊनच! आमचा मात्र गेली तीस वर्षे गोठ्यामागे कोंबड्यांच्या सेवेत होता. ऐंशी ओलांडलेल्या अण्णांची एकच इच्छा होती, खंडेनवमीच्या पूजेला तो आपल्या बळावर अंगणात यावा. गावातल्या वृद्ध मिस्त्रींनी चार महिने खपून तो उभा केला. मे महिन्याच्या सुटीत सुटे भाग घासूनपुसून देऊन मीही पुण्य जोडले होते.

सप्तमीला इंजिन सुरू झाले. पण शांत होईना. थ्रॉटलचा दांडा पार खाली आणला, तरी आपले रेसमध्येच! ओट्यावरून अण्णा म्हणाले, "हा आपला नव्हे रे. आपला उभा असला, की ठोके मोजून घ्यावेत."

मला राग आला. चारचौघांदेखत मी म्हणालो, "मिस्त्री, उरलेले पैसे आता इंजिन शांत झाल्यावरच." मिस्त्री काही बोलले नाहीत. फक्त टोपी सारखी केली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एक स्क्रूड्रायव्हर आणि दोन पाने घेऊन आले. 'स्लो'चा स्क्रू त्यांनी पार मागे घेतला. काही फरक नाही. "बघा!" मी म्हणालो.

"मास्तर, वाकून बघा. हा स्क्रू कुठं टेकलाय का?"

नव्हता टेकला. कार्बोरेटरच्या गळ्यात एक गोल पाकळी असते. ती मिटत गेली, की इंजिन हळू होते. किती मिटायची, तेवढी शेवटची हद्द हा स्क्रू ठरवतो. पाकळी हद्दीपर्यंत येतच नसेल, तर स्क्रू बिचारा काय करणार? पाकळी मिटूनही इंजिन पळत असते, तर चोरटी हवा शोधावी लागली असती. मॅनिफोल्डचे पॅकिंग फाटलेले, नाही तर पाकळीची दांडी झिजलेली.

तीही शंका त्यांनी ठेवली नाही. इंजिन बंद करून गव्हर्नरची सळई सोडवली, पाकळी बोटाने धरली आणि इंजिन पुन्हा सुरू करवले. "हे भलत्यानं करायचं नाही," ते म्हणाले. "लगाम सुटलेला असतो. बोट ढिलं पडलं, तर इंजिन स्वतःचा जीव घेईल." त्यांनी पाकळी हळूहळू मिटवली. इंजिन संथ झाले. म्हणजे कार्बोरेटर निर्दोष, पॅकिंगही निर्दोष.

राहिला गव्हर्नर. वेग वाढला, की त्यातली फिरती वजने बाहेर फाकतात आणि पाकळी मिटवू पाहतात. स्प्रिंग ती उघडू पाहते. दोघांच्या ओढाताणीचा निरोप पाकळीपर्यंत नेते ती ही सळई. तिची लांबी चुकली, की निरोप अर्धाच पोचतो.

मिस्त्रींनी सळई निरखली. "हिचं टोक कुणी काढलं होतं?"

मी! तारेच्या ब्रशने घासण्यासाठी मी ते काढले होते, आटे न मोजता परत बसवले होते आणि वर लॉकनटही कर्तव्यदक्षपणे आवळला होता. ऱ्हस्व-दीर्घ चुकला, की अर्धा गुण कापणारा मी!

मिस्त्रींनी टोक दोन आटे फिरवले, सळई जोडली, स्क्रू लावला. "बसवताना मी तपासायला हवी होती," ते म्हणाले. "निम्मी चूक माझी."

मी आदल्या दिवशी चारचौघांत बोललो होतो. म्हणून शेजाऱ्यांना हाक मारून त्यांच्यादेखतच माफी मागितली आणि पैसे मिस्त्रींच्या हातात ठेवले. आयुष्यात अनेक भाषणे केली. इतके छोटे आणि इतके जड एकही नव्हते.

नवमीला ट्रॅक्टर अंगणात आला आणि झेंडूच्या माळेखाली संथ बोलत उभा राहिला. अण्णांचे बोट काठीवर ठोके मोजत होते. नारळ कोणी फोडायचा, असा प्रश्न निघाला. अण्णांनी मिस्त्रींकडे पाहिले.

मी नारळ पुढे केला. या खेपेला सोलून वगैरे चकचकीत केला नव्हता.