विश्लेषण : आवाज यंत्राने जुळवला, पण ऐकला कोणी?

चित्रपटाचे संकलन संपले की ध्वनीचे निम्मे काम तेथून सुरू होते. चित्रीकरणात मुद्रित झालेल्या शेकडो फायलींतून हवा तो तुकडा शोधून चित्राखाली बसवण्याचे किचकट काम आता संगणक करतो. सोय मोठी आहे. पण तिच्या नावाखाली ध्वनिविभागाचे दिवस आणि माणसे कापली जाणार असतील, तर ती बचत महागात पडणारी आहे.

जुळणीची गरज का?

‘लगान’ने (२००१) हिंदीत ठळकपणे पुन्हा आणलेल्या ‘सिंक साउंड’ पद्धतीत कलाकारांचा आवाज चित्रीकरणाच्या जागीच टिपला जातो. कॅमेरा चित्र टिपतो. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर जातो. बूम माइक आणि प्रत्येक कलाकाराचा कॉलर माइक यांचे ट्रॅक स्वतंत्र राहतात. संकलक बहुधा या सर्वांचे एकत्रित मिश्रण वापरून चित्रपट कापतो. अंतिम ध्वनीसाठी मात्र मूळ ट्रॅककडेच परत जावे लागते.

यादीत काय असते?

‘एडिट डिसिजन लिस्ट’ अर्थात ‘ईडीएल’मध्ये ना चित्र असते ना आवाज, असतो साधा मजकूर. कोणत्या रीलमधला तुकडा, तो मूळ मुद्रणात कुठून कुठपर्यंत आणि चित्रपटात कोणत्या जागी, हे प्रत्येक नोंद सांगते. मोजमाप टाइमकोडमध्ये, म्हणजे तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेममध्ये असते. व्हिडीओ टेपच्या जमान्यातील ‘सीएमएक्स ३६००’ हा तिचा आराखडा आजही वापरात आहे. सॉफ्टवेअर ही यादी वाचते, ध्वनीच्या फायलींत नोंदवलेला टाइमकोड, दृश्य आणि टेक क्रमांक ताडून पाहते आणि सगळे मूळ ट्रॅक जागेवर आणून ठेवते.

यंत्र कुठे फसते?

टाइमकोड बहुधा घड्याळाच्या वेळेवर चालतो. सोमवारी सकाळचे सव्वादहा मंगळवारीही वाजतातच. रीलचे नाव किंवा तारीख नीट नोंदवली नसेल, तर यंत्र भलत्याच दिवसाचा आवाज आणू शकते. दुसरी अडचण घड्याळांच्या तफावतीची. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्या घड्याळांत दहा लाखांत एक भाग इतका फरक असला, तरी २४ तासांत सुमारे ८६ मिलिसेकंदांचे अंतर पडते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास ते दोन फ्रेमहून अधिक. आवाज ओठांच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी तो खटकू लागतो, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते. म्हणूनच दिवसातून काही वेळा घड्याळे पुन्हा जुळवणे आणि क्लॅप देणे याला पर्याय नाही.

मग माणसाचे काम काय?

यंत्र ‘कोणता’ तुकडा ते सांगते. ‘कसा’ ते सांगत नाही. कॉलर माइकवर कापड घासले, संवादावरून रिक्षा गेली, किंवा न निवडलेल्या टेकमध्ये तेच वाक्य अधिक स्वच्छ आले, हे यादीत लिहिलेले नसते. ते कानालाच कळते, किंवा ध्वनिमुद्रकाने जागेवर लिहिलेल्या शेऱ्यांतून. हे शेरे लिहिणारा सहायक आणि नंतर पर्यायी टेक ऐकणारा संवाद-संकलक यांना ‘आता सॉफ्टवेअर आहे’ म्हणून वगळले, की खराब वाक्य उशिरा लक्षात येते आणि गाडी डबिंगवर जाते. स्टुडिओचे भाडे भरावे लागते, कलाकाराच्या तारखा पुन्हा मागाव्या लागतात. एवढे करूनही उन्हात, धापा टाकत म्हटलेल्या वाक्याचा कस वातानुकूलित खोलीत क्वचितच परत मिळतो.

मराठी चित्रपटांचे अंदाजपत्रक तंग असते, हे खरे. पण म्हणूनच यंत्राने वाचवलेले दिवस वेळापत्रकातून पुसू नयेत. ते ऐकण्यासाठी राखून ठेवावेत. हमाली यंत्राकडे आणि पारख माणसाकडे, ही वाटणी निर्मात्यालाही शेवटी स्वस्तच पडेल.