पहिला जगज्जेता कोण? स्पीड स्केटिंगच्या यादीबाहेरची माणसे

स्पीड स्केटिंगच्या जगज्जेत्यांची अधिकृत यादी १८९३ साली सुरू होते. पहिले नाव याप एडन, देश नेदरलँड्स. लगेच पुढच्या, म्हणजे १८९४ या वर्षासमोर मात्र कोणाचेच नाव नाही. तशीच रिकामी जागा १९०२, १९०३, १९०६ आणि १९०७ या वर्षांसमोर आहे. त्या वर्षी स्पर्धा झाल्या नव्हत्या असे नाही. स्टॉकहोम, हेलसिंकी, सेंट पीटर्सबर्ग, ट्रॉनहाइम येथे त्या रीतसर पार पडल्या, वेळा नोंदल्या गेल्या, टाळ्याही पडल्या. जगज्जेता तेवढा ठरला नाही.

याचे कारण त्या काळच्या नियमात आहे. शर्यती चार अंतरांच्या असत : ५००, १५००, ५००० आणि १०,००० मीटर. यांपैकी किमान तीन जो जिंकेल तोच जगज्जेता. दोन जिंकून उरलेल्या दोहोंत दुसरा आलेला धावपटूही रिकाम्या हाताने घरी परते. अखेर १९०८ पासून, तीन शर्यती कोणीच जिंकल्या नाहीत तर क्रमांकांच्या गुणांची बेरीज करून विजेता ठरवावा, अशी तोड निघाली. नियम कठोर होता. पण लपवाछपवीचा नव्हता. विजेता नाही, तर जागा रिकामी ठेवा, एवढा सरळपणा त्यात होता.

त्या रिकाम्या जागा निदान डोळ्यांना दिसतात. याच यादीत दुसरी एक उणीव आहे. तिच्यासाठी जागाच सोडलेली नसल्यामुळे ती कोणाच्या ध्यानात येत नाही. स्पर्धेच्या दारातूनच ज्यांना परत पाठवले गेले, त्यांची ती उणीव. आरंभीच्या काळात ‘जगज्जेता’ या पदवीचा खरा अर्थ ‘हौशी पुरुषांतील जगज्जेता’ एवढाच होता. यादी वाचणाऱ्याला हे कोणी सांगत नाही, आणि सांगायला हवे.

हा भेद कोणाच्या मुळावर आला, हे कळण्यासाठी आधी बर्फावर कोण धावत होते ते पाहिले पाहिजे.

इंग्लंडच्या पूर्वेस केंब्रिज आणि नॉरफोक यांच्या आसपास फेन्स नावाचा सखल, पाणथळ प्रदेश आहे. वेल्नीसारख्या गावांजवळ दोन मोठ्या कालव्यांमधली कुरणे हिवाळ्यात पाण्याखाली जातात. पाणी उथळ, म्हणून थोड्याच रात्रींच्या कडाक्यात ते गोठते. जमीन गोठली की शेतीची कामे थांबत, आणि कामे थांबली की शेतमजुरांची मजुरीही थांबे. नेमक्या त्याच दिवसांत गावोगाव शर्यती लागत. बक्षिसाला कधी रोकड असे, कधी मांसाचा मोठा तुकडा, कधी पीठ. बीच लाकडाचा तळवा, त्यात बसवलेले पोलादी पाते, बुटाच्या टाचेत फिरवून घट्ट करायचा स्क्रू आणि चामड्याचे पट्टे, एवढ्या सामग्रीवर हे मजूर धावत. सरळ मार्गाच्या दोन टोकांना पिंपे ठेवलेली असत. पिंपाला वळसा घालून परत यायचे. एका वेळी दोघे धावत, हरणारा बाद होई.

या मातीतून, किंवा या पाण्यातून म्हणावे, वेल्नीचे स्मार्ट घराणे पुढे आले. विल्यम स्मार्ट याला लोक ‘टर्की’ म्हणत. १८५० च्या दशकात त्याचा दबदबा होता. त्याचा पुतण्या जॉर्ज, टोपणनाव ‘फिश’, याने ८ डिसेंबर १८७९ रोजी थॉर्नी येथे झालेली इंग्लंडची पहिली राष्ट्रीय व्यावसायिक स्पर्धा जिंकली आणि पुढे दहा वर्षे आपले स्थान राखले. त्यानंतर त्याचाच भाऊ जेम्स पुढे सरसावला. ही स्पर्धा भरवणारी नॅशनल स्केटिंग असोसिएशन त्याच वर्षी केंब्रिज येथे स्थापन झाली होती.

उत्तर समुद्रापलीकडे नेदरलँड्सच्या फ्रिसलँड प्रांतात चित्र फारसे वेगळे नव्हते. तिथे सुमारे १६० मीटरची सरळ धाव लोकप्रिय होती : शेजारी शेजारी दोन पट्टे, दोन धावपटू, आणि काही क्षणांत निकाल. बक्षीस सोन्याचांदीची वस्तू किंवा पैसे. नॉर्वेत याच सुमारास ॲक्सेल पॉलसनचे नाव गाजत होते. आज फिगर स्केटिंगमधील ‘ॲक्सेल’ उडीमुळे त्याचे नाव टिकले आहे, आणि ती उडी त्याने १८८२ साली व्हिएन्नात घेतली तेव्हा त्याच्या पायांत शर्यतीचेच स्केट होते. हा मनुष्य मुळात शर्यतपटू. १८८५ साली क्रिस्तियानिया येथे, म्हणजे आजच्या ओस्लोत, त्याची फ्रिसलँडच्या रेन्के व्हान दर झे याच्याशी शर्यत झाली. ती पाहण्यासाठी हजारोंचा जमाव लोटला आणि पॉलसन जिंकला. दोन देशांचे दोन नामांकित धावपटू आणि बर्फाच्या कडेला उभे असलेले अवघे शहर : याला आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

मग १८८९ पासून ॲमस्टरडॅमला ‘जागतिक’ म्हणवणाऱ्या स्पर्धा भरू लागल्या. पहिल्या वर्षी रशियाचा अलेक्सांद्र पानशिन दोन अंतरे जिंकला. पण अट सर्व अंतरे जिंकण्याची होती, त्यामुळे पदवी हुकली. १८९१ साली अमेरिकेचा जो डोनोह्यू आला. हडसन नदीकाठच्या न्यूबर्ग गावच्या या तरुणाने एकही शर्यत सोडली नाही. तरीही अधिकृत यादीत त्याचे नाव नाही, कारण यादी तयार करणारी संस्थाच तोवर जन्माला आली नव्हती.

ती जन्मली जुलै १८९२ मध्ये, नेदरलँड्समधील स्खेव्हेनिंगेन या समुद्रकाठच्या गावी. पुढाकार पिम म्युलिअर याचा. नेदरलँड्समध्ये फुटबॉल रुजवणाराही हाच. सहा देशांच्या प्रतिनिधींनी मिळून इंटरनॅशनल स्केटिंग युनियन स्थापन केली. त्या बैठकीने जे केले त्याचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. तोपर्यंत इंग्लंडमध्ये मैल, फ्रिसलँडमध्ये सरळ पट्टा, अमेरिकेत सगळ्यांनी एकदम सुटण्याची पद्धत, असा सावळागोंधळ होता. स्खेव्हेनिंगेनने मीटरमधील अंतरे ठरवली, दोन पदरी मार्ग ठरवला, डावीकडे वळण्याची दिशा ठरवली. धावपटूंनी प्रत्येक फेरीत पदर बदलायचा, म्हणजे आतल्या वळणाचा लाभ कोणा एकालाच मिळणार नाही. यातून एक विलक्षण गोष्ट साधली. प्रतिस्पर्ध्याला धक्का देणे, अडवणे, त्याच्या पाठीमागे वाऱ्याचा आडोसा घेणे, यांचे महत्त्व संपले. झुंज घड्याळाशी सुरू झाली. हामारमध्ये धावलेल्याची तुलना दावोसमध्ये धावलेल्याशी करता येऊ लागली.

घड्याळ माणसाचा धंदा विचारत नाही. संस्थेने मात्र तो विचारला. तिच्या स्पर्धा हौशींसाठीच होत्या. जो पैशासाठी धावला तो बाहेर.

‘हौशी’ हा शब्द मराठी कानाला गोड लागतो. हौशी नाट्यमंडळ, हौशी गायक, म्हणजे आवडीपोटी करणारा. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय क्रीडासंस्थांच्या तोंडी मात्र त्या शब्दाला कुंपणाची तार होती. ज्याचे पोट शर्यतीवाचून भरते, तोच शर्यतीचे बक्षीस नाकारू शकतो. गोठलेल्या कुरणावर पिठासाठी धावणारा वेल्नीचा शेतमजूर पहिल्याच विजयासरशी ‘व्यावसायिक’ ठरे. जेम्स स्मार्टच्या उमेदीच्या काळातच अधिकृत जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. त्याच्यासाठी त्या नव्हत्या. तो एडनपेक्षा वेगवान होता असे म्हणण्याचे कारण नाही, कदाचित नसेलही. प्रश्न इतकाच, की ते ठरवण्याची वेळच येऊ दिली गेली नाही, आणि तरीही एकाला ‘जगातला’ पहिला म्हटले गेले.

या नियमामागे निव्वळ उच्चवर्गीय तोरा होता, असे मात्र म्हणता येणार नाही. फेन्समधल्या शर्यतींवर पैजा लागत, आणि धावपटूंनी आपसांत संगनमत करून निकाल फिरवल्याच्या तक्रारी होत्या. केंब्रिजच्या संस्थेच्या स्थापनेमागे हे गैरप्रकार थांबवण्याचाही हेतू होता. रोग खरा होता. त्यावर त्या संस्थेने केलेला उपाय अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल : तिने व्यावसायिकांना हाकलले नाही, हौशींची स्पर्धा वेगळी काढली आणि दोन्ही भरवल्या. पंच नेमा, नियम करा, लबाडाला बाद करा, हा मार्ग उपलब्ध असताना आंतरराष्ट्रीय संस्थेने सबंध वर्गालाच बाद करण्याचा सोपा मार्ग पत्करला.

या नियमाने मजुरांचे नुकसान केले तसेच ज्यांच्यासाठी तो होता त्यांचेही केले. एडनचेच पाहा. १८९३, १८९५ आणि १८९६ असा तीनदा तो जगज्जेता झाला. फेब्रुवारी १८९४ मध्ये नॉर्वेतील हामार येथे त्याने ५००० मीटर ८ मिनिटे ३७.६ सेकंदांत पार केले. हा विक्रम मोडायला १९११ साल उजाडावे लागले, आणि तेव्हाही रशियाच्या निकोलाय स्त्रुन्निकोव्हने तो मोडला अवघ्या ०.४ सेकंदाने. पुढच्या वर्षी तिथेच १०,००० मीटरमध्ये १८ मिनिटांची मर्यादा प्रथम ओलांडणाराही एडनच. शिवाय सायकलिंगमध्येही तो जगज्जेता होता. दोन्ही खेळांत ते पद मिळवणारा तो पहिला. मग त्याने सायकलवर पैसे घेऊन धावायचे ठरवले, आणि बर्फावरचे दार लागले. १८९६ च्या विजयाच्या वेळी तो बावीस वर्षांचा होता. म्हणजे ५००० मीटरचा विक्रम त्याच्या नावावर असतानाच्या बहुतेक काळात जागतिक स्पर्धेत त्याला प्रवेश नव्हता. सायकलीचा पैसा टिकला नाही. १९२५ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, हार्लेममध्ये तो हलाखीत वारला. आज नेदरलँड्समधील क्रीडाक्षेत्राचा मानाचा पुरस्कार त्याच्या नावाने दिला जातो, ॲमस्टरडॅममधील बर्फमार्गही त्याच्याच नावाचा आहे.

नॉर्वेच्या ऑस्कर मॅथिसनची गोष्ट याच चालीची. १९०८, १९०९, १९१२, १९१३, १९१४ अशी पाच जागतिक पदे. जानेवारी १९१४ मध्ये दावोसच्या विरळ हवेत १५०० मीटर २ मिनिटे १७.४ सेकंदांत, हा विक्रम तेवीस वर्षे टिकला. महायुद्धाच्या काळात तो व्यावसायिक झाला. १९२० साली शिकागोच्या बॉबी मॅक्लीनला त्याने क्रिस्तियानियात हरवले. तेव्हाचा जगातला सर्वोत्तम स्केटर कोण, याचे उत्तर त्या शर्यतीतून मिळत असेल. अधिकृत यादीत तिला स्थान नाही. १९२९ साली, चाळिशीत, त्याने दावोसला ५०० मीटर ४३.० सेकंदांत पार केले. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्याच्या स्वतःच्या अधिकृत विक्रमाहून ही वेळ ०.४ सेकंदाने कमी होती. तीही मोजली गेली नाही. घड्याळ तेच, बर्फ तोच, माणूसही तोच.

आणि स्त्रिया? त्यांच्याबाबतीत तर कारण देण्याचीही कोणाला गरज भासली नाही. वास्तविक त्या मजूर धावपटूंइतक्याच जुन्या. जानेवारी १८०९ मध्ये फ्रिसलँडच्या लेउवार्डन शहराच्या गोठलेल्या खंदकावर ६४ अविवाहित तरुणींची शर्यत झाली. बक्षीस सोन्याचा शिरोदागिना. वेग मिळावा म्हणून काही जणी वरची वस्त्रे उतरवून उघड्या बाहूंनी धावल्या, आणि त्यावरून मोठा गहजब माजला. बर्फावरून पडून हातपाय मोडतील याची चिंता कोणी केल्याचे दिसत नाही. चिंता बाहूंची होती. अशा शर्यती पुढे नकोशा ठरल्या. स्खेव्हेनिंगेनच्या संस्थेने स्त्रियांची अधिकृत जागतिक स्पर्धा भरवली ती १९३६ मध्ये, स्थापनेनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. विजेती अमेरिकेची किट क्लाइन. ऑलिंपिकमध्ये पुरुषांना १९२४ साली शामोनी येथे पदके मिळाली, स्त्रियांना १९६० मध्ये स्क्वॉ व्हॅली येथे. तिथे ५०० मीटर जिंकणारी जर्मनीची हेल्गा हासे ही या खेळातली पहिली ऑलिंपिक विजेती.

विक्रमांच्या पुस्तकातून एडनचे वा मॅथिसनचे नाव खोडावे असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या वेळा खऱ्या आहेत. शीर्षकात दोन शब्दांची भर घालावी, ‘हौशी पुरुष’, आणि १८९३ च्या वर एक कोरी ओळ सोडून तिथे वेल्नी, फ्रिसलँड, क्रिस्तियानिया व न्यूबर्ग यांचा उल्लेख करावा. खर्च काहीच नाही.

लेउवार्डनच्या त्या शर्यतीचे चित्र निकोलास बाउर याने त्याच वर्षी रंगवले. एका तरुणीचे पाऊल पुढे पडलेले, दुसरी तिच्या मागोमाग, काठावर दाटीवाटीने उभे असलेले शहर. आज ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. याप एडनने पहिले जगज्जेतेपद मिळवले, तो १८९३ चा बर्फमार्ग याच इमारतीमागच्या मैदानावर होता.