एका शिट्टीपुरता खेळाडू

उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी चहा टाकायला उभा राहिलो, की कुंपणापलीकडून आवाज यायचा. "डाउन... सेट..." आणि मग शिट्टी. थोड्या वेळाने पुन्हा तेच. बाल्टिमोरच्या या उपनगरात आम्ही तेव्हा नवे होतो. मला वाटलं, शेजारी कुत्र्याला शिकवतायत. एकदा डोकावून बघितलं, तर शेजाऱ्यांचा मुलगा हिरवळीवर एक गुडघा टेकून बसलेला, हातात लॅक्रॉसची काठी, पुढ्यात चेंडू, आणि शिट्टी मोबाइलमधून येत होती. "सेट" आणि शिट्टी यांच्यातलं अंतर दर वेळी वेगळं, म्हणजे अंदाजाने हलायची सवय लागू नये. सामन्यात शिट्टीआधी हललं तर चेंडू सरळ समोरच्या संघाकडे जातो.

हा मुलगा संघात एवढं एकच काम करतो हे कळल्यावर मी हसलो होतो, हे कबूल करतो.

लॅक्रॉस हा मुळात इथल्या आदिवासींचा खेळ. कॉलेजातल्या मुलांच्या सामन्यात दहा-दहा जण, जाळी लावलेल्या काठ्या आणि घट्ट रबरी चेंडू. प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि जवळजवळ प्रत्येक गोलनंतर चेंडू मैदानाच्या मध्यावर ठेवतात. दोघे जण त्यावर वाकतात आणि शिट्टी झाली की झटापट. हा फेस-ऑफ. तो जिंकायचा, चेंडू आपल्या माणसाकडे द्यायचा आणि धावत बाहेर जायचं, एवढंच काम करणाऱ्याला इथे 'फोगो' म्हणतात, म्हणजे फेस-ऑफ घे आणि बाहेर हो. ऐकायला हे नाव जरा हेटाळणीचंच वाटतं.

पण हिशेब करून बघा. सामना १२-१० असा संपला, तर असे पंचवीसेक प्रसंग येतात. फुटबॉलमध्ये गोल खाल्लेल्या संघाला चेंडू मिळतो. इथे गोल करणाऱ्यालाच पुन्हा मिळू शकतो. २०१५ मध्ये डेन्व्हर विद्यापीठाने पहिल्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा मध्यावर उभा होता पहिल्या वर्षाचा ट्रेव्हर बॅप्टिस्ट. पुढे व्यावसायिक लीगमध्ये २०२२ साली तो वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१८ मध्ये ऑल्बनीच्या टीडी आयर्लनने एका हंगामात ३५९ फेस-ऑफ जिंकले, शंभरातले ७९. समोर असा माणूस असेल तर तुमचे चांगले चांगले गोल करणारे नुसते बघत उभे राहतात.

म्हणूनच फेस-ऑफ काढून टाका म्हणणारे कायम असतात. बास्केटबॉलने प्रत्येक बास्केटनंतरची मध्यावरची उडी १९३७ मध्येच बंद केली, हा त्यांचा आवडता दाखला. लॅक्रॉसनेही १९७९ च्या हंगामात गोलनंतरचा फेस-ऑफ बंद करून पाहिला आणि पुढच्याच वर्षी परत आणला. मला ते परत आणणं बरोबर वाटतं. ज्या नियमामुळे एखादा संघ ओळीने पाच गोल करून पळून जातो, त्याच नियमामुळे पाच गोलनी मागे पडलेला संघ चेंडू न सोडता परतही येतो. पाळीपाळीने चेंडू द्यायला लागलात, तर शेवटच्या पाच मिनिटांत लोक पार्किंगकडे चालू लागतील.

दुसरा आक्षेप असा, की हा 'पूर्ण' खेळाडूच नाही. आयपीएलमधल्या इम्पॅक्ट प्लेयरवरून अष्टपैलूंचं काय होणार, असा वाद आपल्याकडेही चालतोच. त्यात तथ्य आहे, पण फेस-ऑफच्या बाबतीत मला ते पटत नाही. समोरच्याच्या मनगटाची हालचाल ओळखायची, चेंडू दाबायचा की ओढून काढायचा हे शिट्टीबरोबर ठरवायचं, बाजूने धावत येणाऱ्या आपल्या दोघांना तो कुठे हवाय हे ध्यानात ठेवायचं. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. याला अर्धा खेळाडू कसं म्हणायचं?

खरा धक्का दुसरीकडून आला. २०२१ च्या हंगामापासून कॉलेजमध्ये गुडघा टेकायला बंदी झाली आणि मोटरसायकलच्या हँडलसारखी, दोन्ही तळवे खाली करून काठी धरायलाही. दोघे चेंडूवर अडकून बसतात, खेळ थांबतो, हे कारण. ते कारण खोटं नव्हतं. पण शेजारचा मुलगा नेमका तेव्हाच कॉलेजात गेला होता. सहा वर्षं गुडघ्यावर बसून जे घोटलं, ते गेलं. पहिल्या हंगामात तो बाकावरच होता. दुसऱ्या सुट्टीत पुन्हा मोबाइलची शिट्टी सुरू झाली. या वेळी तो उभा होता.

तोवर माझं हसू गेलं होतं. नऊ वर्षं मी एकाच जुन्या सिस्टीममधली रात्रीची हिशेबजुळणी सांभाळत आलोय. त्यातली खोच माझ्याइतकी टीममध्ये कुणाला माहीत नाही, आणि त्यापलीकडे मला फार काही येत नाही. गेल्या वर्षी सांगण्यात आलं, की ही सिस्टीम जाणार, सहा महिन्यांत नवीन शिका. एच-१बीवर नोकरी गेली तर हातात ६० दिवस असतात. तेव्हा 'सगळं थोडं थोडं येणारा माणूस बरा' हे वाक्य मी बायकोकडूनही ऐकलं.

नियम बदलू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण ज्यांना आपण एका कामासाठीच निवडून आणलं, त्यांना बदलायला एखादा हंगाम तरी द्यावा. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस परत येतंय, सहा-सहा जणांचं. त्यात फेस-ऑफ फक्त क्वार्टरच्या सुरुवातीला असतो, गोलनंतर गोलकीपर चेंडू घेऊन खेळ सुरू करतो. तिथे फोगोला जागाच नाही. कॉलेजांनी त्याची नक्कल करू नये, एवढंच मला वाटतं.

शेजारचा मुलगा आता नोकरीला लागलाय. थँक्सगिव्हिंगला घरी आला तेव्हा मी त्याच्याकडे काठी मागितली. मागच्या हिरवळीवर दोघे वाकलो, मोबाइल गवतात ठेवला. तीनही वेळा मी शिट्टीआधीच हललो.